आधी पोराचं, मग मोठ्यांचं

दाऊद सारंगाचं अक्षर वाईट होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला त्याच्याविषयी बरंच चांगलं सांगावं लागणार आहे आणि ते सांगताना माझ्या जिवाचा जळफळाट होणार आहे. निदान सुरुवात तरी माझ्या मनासारखी होऊ दे. त्याच्या ओळी डावीकडून उजवीकडे घसरत जायच्या, पोस्टकार्डाच्या खालच्या कोपऱ्यात शब्द एकमेकांच्या अंगावर चढायचे आणि दर दोन ओळींना शाईचा एक थेंब हमखास सांडलेला असायचा. माझं अक्षर कसं होतं ते बोर्लीच्या कचेरीत जाऊन विचारा. तिथले कारकून स्वतःचे अर्ज माझ्याकडून लिहून न्यायचे.

बोर्ली पंचतनाच्या बाजाराला पायी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्यावर आमचं गाव. समुद्राच्या अंगाला आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, मशिदीच्या अंगाला सारंग, नाखवा मंडळींचा मोहल्ला. दोन्हीकडचे कर्ते पुरुष मुंबईला गोदीत नाहीतर आगबोटीवर. गावात उरायच्या त्या बायका, म्हातारे आणि पोरं. त्यामुळे टपाल म्हणजे गावाचा जीव, आणि ते टपाल पंधरा वर्षं माझ्या हातातून जात होतं. मी गावचा शाळामास्तर. शाळा सुटली की माझ्या ओटीवर माणसं जमायची. मी कार्ड पुढ्यात ओढायचो आणि लिहायचो, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असे. मुले मजेत आहेत. तिकडील खुशाली कळवीत जावी.' मोहल्ल्यातलं कार्ड असलं की नमस्काराच्या जागी सलाम. एका कार्डाला मला फारसा वेळ लागत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

सन चोवीस-पंचवीसच्या सुमाराला दाऊद जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आला. इंजिनखोलीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. उंच, पण पाठीत वाकलेला, डोक्यावर कायम छत असल्यासारखा चालायचा. इंजिनाच्या आवाजाने त्याचा डावा कान पार गेलेला. आता बघा, एका कानाने ठार बहिरा माणूस, आणि पंचक्रोशीत नाव काढलं ते ऐकण्यात! माझे दोन्ही कान शाबूत होते, पण त्यांचं कुणी कौतुक केलं नाही.

मशिदीमागे उंडीचं मोठं झाड होतं. त्याखाली आपली जहाजावरची पेटी मांडून तो बसायला लागला. पहिल्या दिवशी कुणा म्हातारीचं कार्ड लिहायचं होतं. म्हातारी सांगू लागली तर हा म्हणाला, "थांब आजी. घरात पोर कोन हाय?" म्हातारी म्हणाली, नातू आहे, तिकडे खेळतोय. "त्याला बोलाव. आधी पोराचं, मग मोठ्यांचं."

तो नियम त्याने शेवटपर्यंत मोडला नाही. कार्डाचा वरचा अर्धा भाग पोराचा. पोर जे बोलेल ते, जसं बोलेल तसं. त्यात मोठ्यांनी तोंड घालायचं नाही. घातलं तर दाऊद लेखणी ठेवून द्यायचा आणि समुद्राकडे बघत बसायचा. पोर बोलायला लागलं की तो उजवा कान त्याच्या तोंडापाशी नेऊन बसायचा. एखादं पोर अर्धा अर्धा तास बोलायचंच नाही. हा तसाच वाकून. एकदा मी मुद्दाम तिकडून गेलो आणि म्हटलं, "काय सारंग, पाठ धरेल." तर मला उत्तर नाही. पोर बोलत होतं ना!

तसलं एक कार्ड टपालवाल्याने मला वाचून दाखवलं होतं. ते मला पाठ आहे, इच्छा नसताना. 'बाबा, तांबडी कोंबडी मेली. आजी म्हणते लिवू नको. माझे दोन दात पडले. तू येशील तवा माझं तोंड वेगळं दिसेल. घाबरू नको, मीच हाय.' टपालवाला हसत हसत डोळे पुसत होता. मी म्हणालो, "यात नमस्कार कुठे आहे?"

त्याने हे खूळ का घेतलं ते मला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. बोर्लीहून येताना आम्ही एकदा एका बैलगाडीत सापडलो. मी सहज विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, बारा वरसं मी दर्यावर. घरून खत यायचं, मुलं मजेत हायत. मी म्हनायचो, अल्लाची मेहेरबानी. बारा वरसांनी दारात उभा ऱ्हायलो तर माझा पोरगा मला म्हनाला, कोन पायजे तुमाला?" मी टोपी सारखी केली. "मजेत हुता," तो म्हणाला, "पन कोन हुता ते मला ठावंच न्हवतं. वरसभरात तोबी बोटीवर गेला. आता खत धाडत न्हाय. काय लिवनार? वळख न्हाय."

ती बारा वर्षांची पत्रं मी लिहिली होती. त्याला ते माहीत होतं. तो मला बोल लावत नव्हता, गाडीच्या दांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता. मला मात्र वाटलं, उतरावं आणि चालत जावं.

तो उंडीखाली बसायला लागल्यापासून माझ्या ओटीवरची गर्दी ओसरत गेली होती. मुलं आयांना ओढत उंडीखाली न्यायची. घरी मी त्याच्या नावाने बोटं मोडायचो. कधी म्हणायचो, असल्या भाषेने मुलं बिघडतील; कधी म्हणायचो, सरकारी टपालाचा हा पोरखेळ आहे. आमची ही एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जळू नका एवढे. तो गप्प बसतो म्हणून पोरं जातात त्याच्याकडे. तुम्हीही बसून बघा, फुकट आहे."

बसलो! तेही करून बघितलं. शनिवारी शेवटचा तास मी शाळेत जाहीर केला: आज प्रत्येकाने आपल्या मनातलं सांगायचं. मुलं ओळीने उभी राहिली, हाताची घडी घातली. पहिला म्हणाला, "गुरुजी, सर्व ठीक आहे." दुसरा म्हणाला, "गुरुजी, सर्व ठीक आहे." पाचवा जरा हुशार, तो म्हणाला, "मोठ्यांचा मान राखावा." मी म्हटलं, अरे, खरं मनातलं! तर सगळ्यांनी माझ्या हातातल्या छडीकडे पाहिलं. ती हातात आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सवयीने घेतली होती. घंटा झाल्यावर हीच मुलं वाऱ्यासारखी सुटली, आणि कुठे सुटली ते मला खिडकीतून दिसत होतं.

पांडूचं प्रकरण त्याच वर्षातलं. दहा वर्षांचा मुलगा, माझ्या वर्गातला, गणितात तरबेज. आजोबांनी त्याला मिठागरावर कामाला लावायचं ठरवलं. मुकादमाशी बोलणंही झालं होतं. बाप मुंबईला गोदीत, त्याला विचारलं नाही, आणि पांडूला तर कोण विचारणार? पांडूने दाऊदकडे जाऊन कार्ड लिहून घेतलं. 'बाबा, मला मिठावर धाडतात. पायाला भेगा पडतात तिकडं, मी बघितलंय. मला भागाकार येतो. तुला कुणी सांगितलं का मला भागाकार येतो?' पुढच्याच आगबोटीने बाप हजर. म्हाताऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, सगळी आळी जमली, आणि सोमवारी पांडू परत माझ्यासमोर पाटी घेऊन बसला.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी मी जळलो. मुलगा माझ्या शाळेतला, त्याला भागाकार शिकवला मी, त्याला मिठागरावर नेतायत हे अख्ख्या गावात मलाच माहीत नव्हतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" पांडू गोंधळला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विचारलं न्हाय."

हे सगळं मी गिळलं असतं. गावाची पोरं कुणाकडे का जाईनात! माझं मागणं एवढंसंच होतं. माझ्या मुलीने, कुमुदने, जे काही सांगायचं ते मला सांगावं. एकुलती एक. तिला मी स्वतः मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवायला शिकवलं. तिची वही मी रोज तांबड्या शाईने तपासायचो. बाराव्या वर्षी तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरस होतं आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. मला वाटायचं, मुलगी शहाणी आहे.

मग इंग्रजी हद्दीत लहान मुलींच्या लग्नाविरुद्ध कायदा येणार अशी बोलणी सुरू झाली. अलिबागकडची काही मंडळी घाईघाईने मुली उजवून टाकतायत, काही इकडे आमच्या नवाबाच्या संस्थानी हद्दीत येऊन लग्नाचे बार उडवतायत, असं रोज कानावर यायचं. इकडे कायदा लागू नाही म्हणत. पण उद्या होईल, मग मुलगी घरात राहील, अशी हवा पसरली. मीही घाबरलो. मी, शाळामास्तर! चांगलं स्थळ आलं, मुलगा विशीतला, पोफळीच्या दोन वाड्या. सुपारी फुटली. कुमुदला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

आणि एके सकाळी टपालवाला दारात उभा राहिला. चेहरा विचित्र. त्याने कार्ड माझ्या हातात दिलं आणि लगोलग निघून गेला. पत्ता माझा, अक्षर दाऊदचं. आता मला कोण लिहिणार? खाली उतरत्या ओळी:

'ती. बाबांस. मी कुमुद. आपल्याच घरात राहते ती. मला आत्ता लग्न करायचं नाही. मला भीती वाटते. मला शिकायचं आहे. हे सांगायला मी दोनदा आले होते. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, आधी नीट उभी राहा. दुसऱ्यांदा म्हणालात, पुटपुटू नकोस, स्पष्ट बोल. मग मला बोलता येईना. मी स्वतः लिहिलं असतं, पण तुम्ही ते तपासलं असतं. उत्तर कार्डावरच पाठवा. तोंडी नको, तोंडी तुम्ही रागावता.'

मी ते उभ्यानेच वाचलं. आत चुलीपाशी कुमुद भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता, आणि तो मध्येच थांबला. तिला कळलं होतं की कार्ड आलं.

तुम्हाला वाटेल, माझं मन द्रवलं. छे! मला राग आला, आणि तो मुलीवर नव्हता. माझ्या पोटची पोर, माझ्यापासून दहा पावलांवर राहते, आणि मनातलं सांगायला जाते त्या बहिऱ्याकडे! तेही उघड्या कार्डावर, म्हणजे टपालवाल्यापासून बोर्लीच्या बाजारापर्यंत सगळ्यांनी ते माझ्या आधी वाचलेलं. मी हिला म्हणालो, "आता तर लग्न होणारच. पंधरा दिवसांत." ही म्हणाली, "कुणाशी भांडताय ते तरी नीट बघा." मी चपला घातल्या आणि निघालो. आज कबूल करतो, त्या घटकेला दाऊदला हरवण्यासाठी मी मुलीला बोहल्यावर उभी करायला निघालो होतो.

तो उंडीखाली एकटाच बसला होता. मी कार्ड त्याच्या पेटीवर आपटलं.

"लाज नाही वाटली? निदान लिफाफ्यात तरी घालायचं!"

"लिफाफा कशाला?" तो म्हणाला. "पोरीनं लपवन्यासारखं काय केलंय?"

"माझ्या घरात तू कोण बोलणारा?"

"मी बोललोच न्हाय, मास्तर. मी लिवलं." मग म्हणाला, "दोन येळा मी तिला माघारी धाडली. म्हटलं, तुझा बाप शिकलेला मानूस हाय, त्याला तोंडानं सांग. दोन्ही येळा रडत आली. तिसऱ्या येळी मला न्हाय म्हनवलं न्हाय."

तोच पुढे बोलला, खाली बघत. "तुमी रागावनार ठावं हुतं. खरं सांगू? माझाच जीव जळतो तुमच्यावर. माझा पोरगा कुठल्या बंदरात हाय ते मला ठावं न्हाय. तुमच्या पोरीला तुमच्याशी बोलायचं हाय. तीन तीन येळा धडपडली. तुमाला खत आलंय, मास्तर."

मी इतकी वर्षं त्याच्यावर जळत होतो आणि हा इथे बसून माझ्यावर! मला त्याच्याशी भांडायचं होतं, ते राहूनच गेलं. मी त्याच्या समोर वाळूत बसलो. मग त्याच्याच पेटीतलं एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि त्याचीच लेखणी. तीनदा मजकूर मनात जुळवला. शेवटी लिहिलं, 'चि. कुमुद हीस आशीर्वाद. लग्न मोडले. शाळेचे बघू. बाबा.' टपालात टाकलं. ते फिरून घरी यायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस आम्ही बाप-लेक एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. कार्ड आलं तेव्हा मी मुद्दाम वाडीत जाऊन शिंपणं करत बसलो. ती तिथपर्यंत आली, पोफळीला धरून उभी राहिली, आणि गेली. त्या रात्री ताटात माझ्या आवडीची फणसाची भाजी होती.

स्थळवाल्यांनी गावभर माझी निंदानालस्ती केली. केली तर केली. कुमुद अलिबागला माझ्या बहिणीकडे राहून शिकली, पुढे पुण्याला जाऊन ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाली. सुट्टीला आली की माझ्याशी बोलायची, पूर्वीपेक्षा पुष्कळच. पण पिशवी ओटीवर टाकून आधी उंडीखाली जायची. मी घड्याळ बघायचो. ते बघू नये हे मला कळत होतं, तरी बघायचो.

सदतीस-अडतीसच्या सुमाराला दाऊदचा दमा बळावला. तो घरातच खाटेवर पडून असायचा. कुमुद मे महिन्यात आली आणि पिशवी टाकून सरळ त्याच्याकडे गेली. अर्ध्या तासाने हिने माझ्या हातात तांदळाच्या पेजेचं भांडं दिलं. "नेऊन द्या त्याला. आणि तिकडे जाऊन उगीच बोलू नका."

दारात पोचलो तर कुमुद खाटेच्या कडेला बसून काहीतरी सांगत होती, हातवारे करून, भराभर. दाऊदने मला पाहिलं आणि तळहात वर केला. थांबा. मी, तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, पेजेचं भांडं घेऊन उंबऱ्यात थांबलो. कुमुदने मागे वळून पाहिलं आणि तिचं बोलणं तुटलं. चेहरा बारा वर्षांच्या मुलीचा झाला. मला ते फार लागलं.

दाऊद धापा टाकत म्हणाला, "थांबलीस का? बाबालापन सांग. पयल्यापासनं सांग, त्यानं काय आयकलेलं न्हाय."

मी भांडं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसलो. ती घाबरत घाबरत सुरू झाली. खानदेशात कुठेतरी आडगावी मुलींची नवी शाळा निघाली होती, तिथे तिने नोकरी पत्करली होती. मला न विचारता. मी अलिबागला तिच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता, हे तिला माहीत होतं. ती बोलत होती आणि माझ्या तोंडाशी एकेक हरकत येत होती: एवढ्या लांब कशाला, एकटी राहणार कुठे, तिकडचं पाणी कसं. मी एकही बाहेर येऊ दिली नाही. जीभ दातांत धरली म्हणजे खरोखरच धरली. हळूहळू तिचा आवाज सुटला. ती शाळा बघायला गेली तेव्हाची गंमत सांगितली, बैलगाडी नाल्यात अडकली तेव्हाची भीती सांगितली. माझ्या मुलीला इतकं सलग बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "जाऊ ना बाबा?" मी म्हटलं, "जा." तिने माझा हात धरला.

त्यानंतर आठ दिवसांत दाऊद गेला. लोक मला विचारतात, त्याला शेवटचं कधी पाहिलंत? तेव्हाच, त्या खाटेवर. कुमुद बोलत असताना मी मध्येच त्याच्याकडे बघितलं. हे सगळं त्याने थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं होतं, शब्दन् शब्द. तरी गाडी नाल्यात अडकली तिथे त्याचे डोळे मोठे झाले, आणि गमतीच्या जागी तो खोकला येईपर्यंत हसला. हे तो दुसऱ्यांदा ऐकतोय, अशी एखादी खूण त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी असेल म्हणून मी शोधत होतो. फार शोधली, सापडली नाही.